फुलांचा घट्या

तापीकाठच्या आमच्या गावात कुत्र्याला मारायला दगड मिळत नसे. ढेकूळ मिळायचं. तेही कुत्र्यापर्यंत पोहोचण्याआधी हवेतच फुटायचं, त्यामुळे आमच्या गावची कुत्री फार निर्धास्त असत. चोपड्याकडून तापीपर्यंत सगळी काळी, गाळाची जमीन. पुरुषभर खणा, चार पुरुष खणा, मातीच. नदीवर धुण्याचे तीन दगड होते, तेही पलीकडच्या काठावरून कोणा पूर्वजाने गाडीतून आणलेले. त्या तीन दगडांवरून बायकांची वर्षातून निदान दोनदा मोठी भांडणं होत. चौथा दगड मारुतीचा. बाकी मग घरोघरचे पाटे आणि घट्ये. जात्याला आमच्याकडे घट्या म्हणतात.

अशा गावचा मुलगा पुण्याला जाऊन भूगर्भशास्त्र शिकू लागला, याला काय म्हणावं? खरं सांगायचं तर मी रसायनशास्त्र घ्यायला गेलो होतो. पण प्रयोगशाळेच्या दारातच कुजक्या अंड्यांचा असा वास आला की मी आल्या पावली मागे फिरलो आणि शेजारच्या दारात शिरलो. तिथे काचेच्या कपाटांत दगड मांडून ठेवले होते. कसला वास नाही, धूर नाही. एकेका दगडाखाली नावाची चिठ्ठी. दगडाची एवढी बडदास्त मी मारुतीच्या देवळाखेरीज कुठे पाहिली नव्हती. मी तिथेच नाव घातलं.

आमचे प्राध्यापक पहिल्याच आठवड्यात आम्हाला खनिजांच्या कठीणपणाची मोजणी शिकवू लागले. सगळ्यांत मऊ खनिजाला एक, हिऱ्याला दहा, बाकीची मध्ये ओळीने. जो दगड नखाने ओरखडतो तो मऊ, त्यापुढचा तांब्याच्या ढबू पैशाने, त्यापुढचा चाकूने. चाकूही चालत नाही तो खरा कठीण. गारगोटी सातवी. खिशात ढबू आणि चाकू ठेवा, नख तर आहेच, म्हणजे कुठेही गेलात तरी अडणार नाही, असं ते म्हणत. मी ते ब्रह्मवाक्य मानलं. वसतिगृहाच्या पायऱ्या, खानावळीचा पाटा, एका मित्राच्या आजोबांच्या अंगठीतला खडा, काही सोडलं नाही. तो खडा काचेचा निघाला आणि मित्र माझ्याशी बोलेनासा झाला.

पहिल्या वर्षाच्या सुटीत मी हातोडा घेऊन घरी आलो. दुसऱ्याच दिवशी नदीवर जाऊन नमुना म्हणून धुण्याच्या एका दगडाचा कोपरा उडवला. त्या दिवशी गावातल्या बायकांनी माझा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही. त्यातली एक तर ओला पिळा घेऊनच माझ्यामागे धावली. आबांना, म्हणजे वडिलांना, चावडीवर बोलावणं आलं.

आबांचा आधीच माझ्या शिक्षणावर विश्वास नव्हता. मी वकील व्हावं, निदान मामलेदार कचेरीत चिकटावं, अशी त्यांची इच्छा. चावडीवरच्या एका म्हाताऱ्याने मला समोर बसवून विचारलं, "पुनामा काय शिकस रे भाऊ?"

"दगड," मी म्हणालो.

"दगड शिकाले पुनाले कसाले जास? आठेच शिकता उनं असतं."

"आपल्या गावात दगड नाहीत, आजोबा."

"का बरं नहीत?"

हे मला येत होतं. मी तापीने हजारो वर्षं गाळ कसा आणला, खडक खाली किती खोल गेला, हे सगळं हात पसरून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आबा म्हणाले, "म्हणजे आपला गावमा दगड नही, हाई समजाले तुले एक साल लागनं." चावडी खो खो हसली. आबा मात्र हसले नाहीत.

हसण्याचं निघालं म्हणून सांगतो, आमच्या घरात खरं हसणारी एकच होती, माझी धाकटी बहीण. तिचं हसणं गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. तोंड भरून, सगळे दात दाखवून हसायची. माय तिला दटावून थकली होती, "सासरी गयी की कळी तुले." ती त्यावरही हसायची. चावडीची हकीकत ऐकून ती इतकी हसली की तिला उचकी लागली.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी आलो तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं. धुळ्याचं घर. सासरे कोर्टात कारकून, नवरा मुलगा शाळेत मास्तर. आमच्याकडे लेकीला माहेरचा घट्या देण्याची रीत. लेक त्यावर जन्मभर दळते, म्हणून तो नीट पारखून आणायचा. पारख मामाची. पण त्या दिवशी ओसरीवर चार माणसं जमली असताना आबांनी मामांना थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"दोन साल दगड शिकना हाऊ. घट्या हाऊच आनी." मग जरा थांबून म्हणाले, "घट्या चांगला निंघना तर पुनं. नही तर औत."

एवढंच. शेवटचं वर्ष राहिलं होतं. बाकीच्यांना ती थट्टा वाटली. पण आबा चार माणसांत बोललेला शब्द फिरवत नसत, हे मला आणि बहिणीला पक्कं ठाऊक होतं. ती दाराआडून ऐकत होती. मी आत गेलो तर म्हणाली, "भाऊ, चांगला देखीसन आनजो बरं." मी तिला सांगितलं, काळजी करू नको, खानदेशात कोणाच्या घरी नसेल असा घट्या आणतो. दुर्दैवाने हे मात्र मी खरं करून दाखवलं.

पाथरवटांची पालं तापीच्या पलीकडे, धरणगावच्या खालच्या टेकड्यांशी. मी आणि मामा बैलगाडीने निघालो. नदीला उन्हाळ्याचं गुडघाभर पाणी. पालाशी एक म्हातारी पाथरवटीण बसली होती. तिची दोन मुलं दगड फोडत होती. मामांनी राम राम केला. म्हातारीने मागे सरकवून ठेवलेला एक तयार घट्या पुढे ओढला. काळपट, बारीक बारीक छिद्रांचा, देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखा. तिने त्यावर छिन्नीची मूठ आपटली. घंटेसारखा आवाज आला.

"लई जा हाऊ. याना आवाज आयक."

मी भिंग काढलं, चाकू काढला. आवाज ऐकून दगड ओळखायला आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून आवाजाकडे मी लक्षच दिलं नाही. मला तो दगड अगदीच सामान्य वाटला. असले दगड पुण्यात आम्ही पिशवीतही घालत नसू. तेवढ्यात मागच्या खाणीत मला तो दिसला.

करडा दगड आणि त्याच्या अंगभर पांढरी, गुलाबी फुलं उमललेली. दगड तयार होताना त्यात हवेच्या पोकळ्या राहतात, पुढे त्या पोकळ्यांत स्फटिक भरतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. इथे ते समोर होतं. प्रत्येक फुलाच्या मधोमध गारगोटीचे चमकते दाणे. मी चाकू घातला. फुलाच्या मधल्या दाण्यावर चाकूची धार वळली, पण ओरखडा उठला नाही. गारगोटी, सातवी! याहून कठीण घट्या कुठे मिळणार? मी म्हातारीला म्हटलं, याच दगडाचा घट्या घडवून दे.

म्हातारी आली. त्या दगडावर मूठ आपटली. भद्द आवाज आला.

"तो नको लेऊ, भाऊ. दाना कडक शे, पन त्याले धरनारा मऊ शे."

मी तिला कठीणपणाची मोजणी समजावून सांगितली. नख, ढबू, चाकू, एक ते दहा. ती मांडीवर हात ठेवून ऐकत राहिली. मामा बैलांकडे बघत राहिले. माझं झाल्यावर तिने विचारलं, "यानावर दळी कोन? तू?"

"मनी बहीण."

"मंग तिले काबरं नही लई उना?"

बहिणीला कशाला आणायचं? ती काय भूगर्भशास्त्र शिकली होती? मी तसं बोललो नाही, पण माझ्या तोंडावर ते दिसलं असावं. म्हातारी हसली आणि मुलाला म्हणाली, घडवून दे बाबा. जाताना मला एवढंच म्हणाली, "हाऊ मी दिना, असं कोनले सांगू नको."

दोन दिवसांनी घट्या गावात आला आणि बघायला झुंबड उडाली. असा फुलांचा घट्या कोणी पाहिलाच नव्हता. ज्या बाईने मला ओल्या पिळ्याने मारायला घेतलं होतं, तीही येऊन हात फिरवून गेली. आबा दोनदा उठून बघून आले. संध्याकाळी चावडीवर ते माझ्याशेजारी बसले. माझी छाती दोन बोटं तरी फुगली असेल.

लग्नाच्या आदल्या दिवशी पाच सवाष्णींनी नव्या घट्यावर हळद दळली. गाणी म्हणत दळली, मग ती बहिणीला लावली. थोड्या वेळाने तिचे गाल लालेलाल झाले. बायका म्हणाल्या, पोर लाजली. बहिणीने बोटावरची हळद अंगठ्याशी चोळून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी आंब्याच्या तोरणाखाली बोलण्यात दंग होतो. तिने ते बोट लुगड्याला पुसलं आणि मोठ्याने हसली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. तो आला नाही, कारण मी तेव्हा तीन जणांना स्फटिक कसे तयार होतात ते समजावत होतो.

लग्न झालं. वऱ्हाड सर्व्हिस मोटारीने धुळ्याला परतलं. घट्या टपावर, आणि टपावर आणखी सहा पाहुणे, त्यातला एक घट्यावरच बसलेला.

महिन्याभराने तिला पहिल्यांदा माहेरी आणायला मुऱ्हाळी म्हणून मी धुळ्याला गेलो. कॉलेज आठवड्यात उघडणार होतं. निघताना आबा म्हणाले, "घट्यानं काय ते देखीसन ये." म्हणजे निकाल मीच घेऊन यायचा होता.

धुळ्याला बहिणीने पाण्याचा तांब्या दिला. पदर तोंडावर धरलेला. मी विचारलं, कशी आहेस? तिने मान हलवली. सासरी पोरगी वळणाला लागली, असं मला वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

आम्ही जेवायला बसलो. भरीत, मिरचीचा ठेचा, ज्वारीची भाकरी. सासरे, जावई आणि मी. मी पहिला घास घेतला आणि चावला.

कच्च.

मी थांबलो. पाहुणा म्हणून घास थुंकता येईना. सावकाश दुसऱ्या दाढेकडे नेला. कच्च. समोर पाहिलं तर सासरे डोळे मिटून, रवंथ करणाऱ्या बैलाइतक्या संथपणे चावत होते. जावईबापू चावतच नव्हते, पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळावी तशी भाकरी गिळत होते. त्या घराला याची सवय झाली होती. सगळ्यांची जेवणं मुंग्या ओझं नेतात त्या गतीने चालली होती.

सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "पाहुणे, तुमच्यापासून काय लपवायचं? तुमच्या बहिणीला दाणे निवडता येत नाहीत. मी ज्वारी तीनदा पाखडायला लावते, दोनदा धुवायला लावते. दुपारभर सूप घेऊन बसते बिचारी. तरी खडे ते खडेच. माहेरी काही शिकवलं की नाही?"

बहीण दाराशी उभी होती. खाली मान घालून म्हणाली, "मनी चुकी व्हई गई."

माझ्या तोंडात दाढेखाली गारगोटीचा दाणा होता. माझा स्वतःचा, मी निवडलेला, कठीणपणा सात. मला सगळं कळलं. आणि लाज वाटते सांगायला, मी गप्प बसलो. आणखी दोन घास खाल्ले. डोक्यात पुणं होतं, काचेची कपाटं होती, आणि आबांचं औत होतं. बहीण पदराआडून माझ्याकडे अशी बघत होती, जणू सांगत होती, खा मुकाट्याने आणि जा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करायची? चौथ्या घासाला मात्र सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "आळशी नाही हो ती, पण नजरच नाही." तेव्हा मला राहवलं नाही.

"खडे ज्वारीत नाहीत," मी म्हणालो. "घट्यात आहेत. दगड वाईट आहे. मी आणला."

वाटलं होतं, आता आभाळ कोसळेल. पण सासरे डोळे उघडून कौतुकाने हसले. म्हणाले, "शाबास! बहिणीची बाजू भावाने नाही घ्यायची तर कोणी?" सासूबाई म्हणाल्या, "दोन वर्षं दगडांचंच शिक्षण घेतलेला माणूस वाईट दगड आणील होय? काहीतरीच." आणि त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली.

आता काय करावं? मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शास्त्राविषयी खरं बोललो होतो, आणि माझं शिक्षण आड येत होतं. शेवटी उष्ट्या हाताने उठलो, घट्याची वरची तळी उचलून भिंतीला टेकवली आणि सगळ्यांना बोलावलं. जिथे फुलं होती तिथे आता नुसते खळगे होते. भिंगाखाली चिमूटभर पीठ धरलं. सासूबाईंनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग नवऱ्याला हाक मारली.

सासऱ्यांनी भिंगातून पीठ पाहिलं, खळगे पाहिले, आणि कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं, "या फुलांचं काय झालं?"

"आपण खाल्ली," मी म्हणालो.

त्यांनी हळूच पोटावर हात ठेवला. म्हातारीचं बोलणं मला तिथे समजलं. दाणे कठीण होते, पण त्यांना धरून ठेवणारा दगड भुसभुशीत होता. दोन तळ्या घासल्या की एकेक फूल सुटून पिठात पडत होतं.

सासूबाई बहिणीकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

"हळद दळी तवयपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"भाऊनं कॉलेज बंद व्हयनं असतं."

सासूबाईंनी पदर खोचला. आत जाऊन त्यांनी भात टाकला. त्या दिवशी सुनेला त्यांनी स्वतः वाढलं, आणि निघताना मला म्हणाल्या, "ही येताना दुसरा घट्या पाठवा. फुलं नकोत."

परतीच्या वाटेवर धरणगावला मामा गाडी घेऊन आले होते. आम्ही सरळ पाथरवटांच्या पालाशी गेलो. म्हातारीने मला पाहिलं आणि पदरात तोंड लपवून इतकी हसली की तिची मुलं काम सोडून बघायला आली. मी या वेळी चाकू काढला नाही. बहिणीला पुढे केलं. तिने चार घट्यांवरून तळहात फिरवला, एकेकावर टिचकी मारली, कान लावला. बैलांचं पाणी पिऊन होईपर्यंत तिची निवड झाली होती. तोच काळपट, देवीच्या वणांचा घट्या, अजून तिथेच पडलेला. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "देख, शिकेल-सवरेल माणूस." हे ती बहिणीविषयी म्हणाली.

घरी पोहोचलो तेव्हा आबा ओसरीवरच होते. गाडीतला नवा घट्या त्यांनी पाहिला. मी सगळं सांगितलं. म्हातारीचं, हळदीचं, धुळ्याच्या भाकरीचं, काही ठेवलं नाही. सांगून झाल्यावर कोपऱ्यातल्या औताकडे पाहून उभा राहिलो. मामांना हसू आवरेना. मायलाही आवरेना. सासऱ्यांनी पोटावर हात ठेवला तो भाग मी सांगितला तेव्हा तर गल्लीतली माणसं हसली.

आबा हसले नाहीत. ते बहिणीकडे बघत होते. तीही हसत होती, पण ओठ मिटून, पदर तोंडाशी धरून.

"हास," आबा म्हणाले.

तिने मान हलवली.

"हास ना व माय. आपला घरमा शेस तू."

तिने पदर सोडला. पुढच्या दोन दातांपैकी एकाचा कोपरा उडालेला होता, तिरपा, छिन्नीने उडवावा तसा. मी धुळ्याहून तिच्याबरोबर दिवसभर प्रवास केला होता. तो पदर मला सासरचं वळण वाटलं होतं. खरंच सांगतो, तेव्हा मला आबांनी औताला बैलाच्या जागी जुंपलं असतं तरी मी चाललो असतो.

आबा उठले, पागोटं सारखं केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक दात गया. तो वाया जावाले नको. जाय पुनाले."

मी गेलो. वर्षअखेर तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी मला कठीणपणाची मोजणी विचारली. मी एकपासून दहापर्यंत घडाघड म्हणून दाखवली. मग त्यांनी गमतीने विचारलं, या मोजणीत माणसाचा दात कुठे बसेल? आधीच्या तिघांना ते आलं नव्हतं. दात पाचवा, गारगोटी सातवी, मी म्हणालो. ते खूश झाले, कोणत्या पुस्तकात वाचलंत म्हणाले. माझी जीभ आपोआप पुढच्या दातावर गेली.